सिरोंच्यापर्यंत, दोर न लावता

गॅरेज बंद करून मला बरीच वर्षं झाली, तरी माझ्या हातांना अजून ग्रीसचा वास येतो असं माझी सून म्हणते. येत असेल. वरोऱ्यात नागपूर रस्त्याला, पत्र्याच्या शेडखाली, उभं आयुष्य मी लोकांच्या गाड्या उघडल्या आणि परत बंद केल्या. उघडणं कोणालाही जमतं. बंद केल्यावर हातात एखादा नट उरला नाही, तर तो मिस्त्री.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. कापसाचा एक दलाल होता. जीप कामाला दिली की माझ्यावर नजर ठेवायला दिवसभर समोर खुर्ची टाकून बसायचा. जेवण झालं की त्याच खुर्चीत घोरायचा आणि जाताना म्हणायचा, "आज मन लावून काम केलं बरं का तुमी." दुसरा एक जण गाडी आणायचा, पण तिला काय झालंय ते सांगायचा नाही. म्हणायचा, "तुमी मिस्त्री ना, तुमीच वयखा." अशांच्या गोष्टी सांगायला बसलो तर हा अंक पुरणार नाही. म्हणून एकाच गाडीचं सांगतो.

ती गाडी होती इन्स्पेक्टर बाईंची. बाई पोलिसातल्या नव्हेत, शिक्षण खात्यातल्या. शाळा तपासायच्या. चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून एकच जिल्हा होता तेव्हा जंगलातल्या कितीतरी शाळांनी पाहिलेली पहिली मोटार म्हणजे बाईंची ही काळी विलायती गाडी. नवऱ्यानं घेतलेली. तो लवकर गेला, गाडी राहिली आणि बाई ती चालवायला शिकल्या. वळायचं असलं की दाराच्या खांबातून नारिंगी रंगाचा एक हात फटकन बाहेर यायचा. गाडी बनवणारी कंपनी विलायतेत केव्हाच बुडाली होती, त्यामुळे सुटा भाग मिळायचा प्रश्नच नव्हता. जे लागेल ते मी लेथवर करून घ्यायचो किंवा चंद्रपूरच्या भंगारातून जुळवून आणायचो. बाईंच्या गाडीतली बोटाएवढी वस्तूसुद्धा कशापासून केली आहे ते मी आजही सांगू शकतो.

मी सांगतोय ते ऐंशीच्या दशकातलं. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला होता आणि बाई रिटायर होऊन वरोऱ्यात एकट्या राहत होत्या. मुलगा प्रभाकर नागपूरला इंजिनिअर. माणूस वाईट नव्हता. आई साठीच्या पुढे गेलेली, एकटी राहते आणि वर असली गाडी चालवते, याची त्याला काळजी. एका रविवारी तो बाईंबरोबर माझ्या गॅरेजमध्ये आला आणि माझ्यासमोरच म्हणाला, "आई, हे भंगार विक, घर विक आणि नागपूरला चल. ही गाडी आता भद्रावतीपर्यंतसुद्धा जायची नाही."

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. त्या रागावल्या की असं करायच्या.

"भद्रावती नको," त्या म्हणाल्या. "सिरोंचा. सिरोंच्याला जाऊन स्वतःच्या चाकांवर परत आली, तर गाडी राहील आणि मीही इथंच राहीन. वाटेत कुठंही दोर लावून ओढावी लागली, तर आम्हा दोघींनाही घेऊन जा."

प्रभाकरराव माझ्याकडे बघायला लागले. मी गाडीकडे. वरोऱ्याहून सिरोंचा म्हणजे जुन्या जिल्ह्याचं पार दुसरं टोक. चंद्रपूर, बल्लारपूर, आष्टी, आलापल्ली आणि तिथून पुढे नुसतं जंगल आणि दगडगोट्यांचा रस्ता. पलीकडे नदी ओलांडली की आंध्र. बाईंनी मला विचारलंसुद्धा नाही. नुसतं सांगितलं, "मिस्त्री, तुम्ही सोबत येताय."

आठ दिवस मी गाडीच्या खाली होतो. जानेवारीचा शेवट ठरला, कारण थंडीत इंजिन तापत नाही आणि नाल्यांना पाणी कमी असतं. आता इथे धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. ब्रेक दाबला की चाक थांबतं, ते तेलाच्या जोरावर. पायडलपासून चारी चाकांपर्यंत बारीक नळ्या असतात, त्यांत ब्रेकचं तेल भरलेलं असतं आणि ते अडवायला रबराच्या वाट्या असतात. त्या काळच्या रबराला हे ब्रेकचं तेलच चालायचं. इंजिनाचं किंवा दुसरं कुठलं खनिज तेल त्यात गेलं, की रबर पाण्यात टाकलेल्या हरभऱ्यासारखं फुगतं. मग ब्रेक लागतो तो सुटतच नाही.

आमच्याकडे सगळी तेलं औषधांच्या जुन्या बाटल्यांत भरून ठेवायची पद्धत. ओळख म्हणून गळ्याला दोरा. चंद्रपूरच्या ज्या उस्तादांकडे मी काम शिकलो, त्या हमीद उस्तादांची ही रीत. ब्रेकच्या तेलाला लाल दोरा, शॉकॅबसॉर्बरच्या पातळ तेलाला पांढरा, बाकीच्यांना काही नाही. उस्ताद म्हणायचे, दोरा बघ आणि मग नाकाला लाव. मी दोरा बघत आलो. नाकाला लावायचं हळूहळू सुटलं.

निघायच्या दिवशी सकाळी बाईंच्या घरी पोचलो तर अंगणात पूजेची तयारी. बाईंकडे स्वयंपाक करणाऱ्या पारबताबाईंचा हट्ट होता, की एवढ्या लांब जाणारी गाडी पूजेशिवाय फाटकाबाहेर जाणार नाही. मी बौद्ध. माझ्या बापानं छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली आणि परत येऊन घरातले देव नदीला सोडले. नारळ-हळदीकुंकू चाललं असलं की मी आपला दूर. पण नुसतं दूर बसावं ना? नाही. मी चहाचा कप घेऊन मुद्दाम पाठ करून बसलो, सगळ्यांना दिसेल असा. माझ्या पाठीमागे पारबताबाईंनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबं ठेवली आणि हत्यारांच्या पेटीचीही पूजा केली. मी वळलो तेव्हा पेटी बंद होती.

निघालो. बाई सपाट रस्त्याला चालवायच्या, चढ-उतार आला की मी. तासाला वीस-पंचवीस मैल, त्याच्यावर नाही. बाईंजवळ एक वही होती, तिच्यात त्या गावांच्या वेळा लिहायच्या, शाळा तपासल्यासारख्या. गोंडपिपरीला चहाला थांबलो तर गाडीभोवती माणसं जमली. त्यातला एक पागोटेवाला पुढे झाला.

"तुमी त्याच बाई काय? लहानपनी मले सतराचा पाढा इचारला होता तुमी."

"आता येतो का?" बाईंनी विचारलं.

तो हसत सुरू झाला. सतरा पंचे पंच्याऐंशीपर्यंत गेला आणि अडला.

"तेव्हाही इथंच अडला असाल," बाई म्हणाल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं. तो माणूस खरोखर ओशाळला. गाडीत बसल्यावर मी विचारलं, काय लिहिलं. म्हणाल्या, "वेळ. दुसरं काय लिहिणार?"

त्या दिवशी आम्ही आलापल्लीला मुक्काम केला. गाडीनं कुरकुर केली नाही. बाई इतक्या खुशीत होत्या, की जेवताना मला आग्रह करकरून वाढत होत्या. मीही फुशारलो होतो. सकाळी उठून धुक्यात तपासणी केली. ब्रेकच्या तेलाची टाकी त्या गाडीत चालवणाऱ्याच्या पायाखाली असायची. फळी उचलून पाहिलं तर तेल दोन बोटं उतरलेलं. बाई हॉर्न वाजवत होत्या, निघा म्हणून. मी पेटी उघडली, लाल दोरा दिसला, बाटली उचलली आणि ओतली. फळी लावली. निघालो.

आलापल्ली सोडलं की दोन्ही बाजूंनी सागवान. रस्ता खराब होता, पण गाडी चालत होती. दोनेक तासांनी मला ती जड वाटायला लागली. मी म्हटलं, चढ असेल. पण उतारावरही ती पळेना. मग वास आला, जळक्या कापडासारखा. उतरून चाकाला हात लावला तर पोळला. चारी चाकांना ब्रेक लागलेले आणि पायडल दगडासारखं कडक. थोडं पुढे एका चढावर गाडी उभी राहिली ती राहिलीच.

मी पेटी उघडली आणि या वेळी नीट पाहिलं. पेटीतल्या प्रत्येक बाटलीच्या गळ्याला लाल नाडा बांधलेला होता. पान्यांना, हातोडीला, पंपालासुद्धा. पारबताबाईंनी एक वस्तू सोडली नव्हती. त्यांनी त्यांच्या मनानं चांगलंच केलं होतं. सकाळी ओतलेली बाटली नाकाला लावली तर रॉकेलसारखा वास, शॉकॅबसॉर्बरचं तेल. पांढरा दोरा लाल नाड्याखाली लपून गेला होता.

बाई विचारत होत्या, "काय झालं, मिस्त्री?"

मी बाटली पेटीत ठेवली, झाकण लावलं आणि म्हणालो, "काय सांगू बाई. गाडी म्हातारी झाली. तिच्यानं आता होऊन नाई राह्यलं."

हे वाक्य मी कसं बोललो, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. तोंडातून निघून गेलं. तेवढ्यात मागून लाकडाचा रिकामा ट्रक आला. ड्रायव्हर गफूरभाई, चंद्रपूरचा, ओळखीचा नव्हता पण भला माणूस. सगळं बघून म्हणाला, "कायले जंगलात जीव देता बाई? साखळी हाये माह्यापाशी. मिस्त्री चाकं मोकळी करून देतीन, मी सिरोंच्यापर्यंत नेऊन सोडतो. एक पैसा नोको."

बाई गाडीकडे बघत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे प्रभाकरचंच खरं. लावा साखळी."

आणि त्या जाऊन मागच्या सीटवर बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना त्या गाडीत मागे बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. गफूरभाई साखळी काढायला गेला. मी तिथेच उभा. साखळी लागली की बाईंचं घर जाणार, गाडी जाणार आणि म्हातारपण परक्या गावात जाणार, हे मला दिसत होतं. आणि मी खरं सांगितलं तर माझी अब्रू जाणार, हेही दिसत होतं. गफूरभाई चंद्रपूरच्या प्रत्येक गॅरेजात सांगणार, वरोऱ्याच्या सुखदेव मिस्त्रीनं ब्रेकमध्ये शॉकॅबसॉर्बरचं तेल ओतलं. आमच्या धंद्यात याहून मोठी नामुष्की नाही. शिकाऊ माणसाकडूनही असं होत नाही.

मी मागचं दार उघडलं. "बाई, खोटं बोललो. गाडीत काईच बिघाड नाई. सकाळी म्या चुकीचं तेल ओतलं."

बाटल्या दाखवल्या, दोरे दाखवले. बाईंनी चष्मा काढला आणि पुसायला लागल्या.

"मग मघाशी हे का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

"तुमच्या लाजेपायी माझं घर विकायला निघाला होतात तुम्ही."

बाई मागच्या सीटवरून खाली उतरल्या. "दुरुस्तीला किती वेळ लागेल?"

"तेलच नाई बाई. ब्रेकचं खरं तेल चार बोटं हाये बाटलीत. नळ्या धुवून परत भराले लिटरभर पाह्यजे."

"मी तेल किती आहे ते विचारलं नाही. वेळ विचारला."

गफूरभाई साखळी खांद्यावर घेऊन ऐकत होता. तो हसायला लागला आणि म्हणाला, "आता मी बी थांबतो. हे पाहाच लागते."

मला हमीद उस्ताद आठवले. लढाईच्या दिवसांत ब्रेकचं तेल मिळायचं नाही तेव्हा ते एरंडेलात स्पिरिट मिसळून वापरायचे, असं त्यांनी सांगितलेलं. एरंडेल होतं, गुडघ्यांना चोळायला बाईंनी मोठी बाटली भरून घेतली होती. राहिलं स्पिरिट. गफूरभाईनं जंगलाकडे हात केला. "गाव हाये तिकडं. मोहाची मिळन. पहिल्या धारेची घ्या, काडी लावली तर भडकते."

पाऊण मैलावर गोंडांची दहा-बारा घरं होती. एका अंगणात जुरीबाई नावाची म्हातारी मडकी धूत बसली होती. बाईंनी जोहार केला आणि हवं ते सांगितलं.

"कल?" तिनं विचारलं. गोंडीत दारूला कल म्हणतात. "कोन पिनार? तू?"

"गाडी पिणार," बाई म्हणाल्या.

जुरीबाईला ते पटलं नाही, पण ती आत जाऊन भांडं घेऊन आली. आधी चार थेंब जमिनीवर सोडले, तिच्या वाडवडिलांसाठी. मग पानाचा द्रोण भरून माझ्यापुढे धरला. मी हात जोडले. आम्हांला पंचशील, मी आयुष्यात कधी थेंब घेतला नाही. म्हातारीनं भांडं मागे ओढलं.

"आमच्या घरून न चाखता कोनी नाई नेत."

मी बाईंकडे पाहिलं. त्या एकादशीचा उपास करणाऱ्या, कडक. पण त्यांनी माझ्या हाताखालून द्रोण घेतला, एका दमात रिकामा केला आणि डोळे मिटून घेतले. जरा वेळानं उघडले. "द्या आता," त्या म्हणाल्या. जुरीबाईनं दोन बाटल्या भरून दिल्या आणि पैशाला हातही लावला नाही. गाडी कशी पिते ते बघायला मात्र सगळा गाव आमच्यामागे आला.

मी चारी चाकं उतरवली. नळ्या मोहाच्या दारूनं धुतल्या, दोनदा. फुगलेली रबरं काढली. नवी माझ्याकडे पायडलखालची एक आणि तीन चाकांपुरतीच होती, म्हणून मागच्या एका चाकाची नळी मुडपून बंद केली. तीन चाकांच्या ब्रेकवर गाडी थांबते, जरा लांब थांबते एवढंच. मग एरंडेल, दारू आणि होतं तेवढं खरं तेल एकत्र करून भरलं. हवा काढायला एकानं पायडल दाबायचं आणि दुसऱ्यानं चाकापाशी नळी सोडायची असते. पायडलवर बाई. "दाबा" म्हटलं की दाबायच्या, "सोडा" म्हटलं की सोडायच्या, आणि मोठ्यानं मोजायच्या. गावातली पोरंही त्यांच्याबरोबर मोजायला लागली. साठावर गेल्यावर पायडल टणक झालं. जुरीबाई सगळा वेळ जवळ बसून होती आणि प्रत्येक चाकाला दारू जाताना मान हलवत होती.

सूर्य मावळायच्या आत गाडी त्या चढावरून स्वतः वर गेली. उतरणीवर मी ब्रेक दाबला, ती थांबली; सोडला, चालायला लागली. गफूरभाईनं साखळी ट्रकमध्ये फेकली आणि मला म्हणाला, "ओतलं ते चुकीचं, पन निस्तरलं बरोबर." मुक्काम त्या गावच्या शाळेत झाला. बाईंनी जमलेल्या पोरांना आधी पाढे विचारले, मग जेवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिरोंचा. बाई प्राणहितेच्या काठावर गेल्या, तोंड धुतलं, पोस्टात जाऊन मुलाला कार्ड टाकलं. त्यावर दोनच शब्द: "पोचले. निघते." परतीचा प्रवास सांगण्यासारखा नाही. दोन दिवस आम्ही दर मुक्कामाला टाकीत एरंडेल बघत आलो आणि एकदाही गाडीला कोणाला हात लावू दिला नाही.

वरोऱ्यात शिरताना माझ्या गॅरेजसमोर प्रभाकरराव उभे होते, दोन गिऱ्हाइकंही होती. बाई स्वतः चालवत होत्या. नारिंगी हात बाहेर आला, गाडी वळली, शेडसमोर थांबली. प्रभाकररावांनी पुढचा-मागचा बंपर वाकून तपासला. दोराचा वळ कुठे दिसतो का ते बघत होते.

"कुठं ओढली नाही?"

"नाई," मी म्हणालो.

"वाटेत बिघडली?"

बाई समोर बघत होत्या. त्या काही बोलणार नाहीत, हे मला कळत होतं. "गाडी नाई बिघडली भाऊ," मी म्हणालो. "म्या बिघडवली. ब्रेकमधी चुकीचं तेल ओतलं. वरून खोटंही बोललो." आणि सगळं सांगितलं, गिऱ्हाइकांच्या देखत. त्यातला एक पुढे कधी आला नाही. त्याचं मला वाईट वाटलं, पण त्याला दोष देत नाही.

प्रभाकरराव आईकडे वळले. "ऐकलंस? तुझा भरवशाचा मिस्त्री. या माणसाच्या जिवावर तू इथं एकटी राहणार?"

"हो," बाई गाडीतून उतरत म्हणाल्या. "चुकलो असं तोंडावर सांगणारा एक मिस्त्री तुझ्या नागपुरात दाखव. दाखवलास, तर उद्याच सामान बांधते."

प्रभाकररावांनी बॉनेटवर हात ठेवून पाहिला. बॉनेट अजून गरम होतं. मग आईबरोबर घरी गेले, पारबताबाईंच्या हातचं जेवले आणि संध्याकाळच्या रेल्वेनं नागपूरला परतले. एकटेच.